भोंग्याच्या पोटातील पडदा : डायफ्रॅमचे द्रव्य आणि आवाजाची स्पष्टता

सभा म्हटली की भोंगा आला. जयंतीचा मंडप असो, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम असो, वा मुलुंडमधील एखाद्या वसाहतीच्या पटांगणातील व्याख्यान असो. मंडपवाल्यास आगाऊ रक्कम देताना आपण दोनच प्रश्न विचारतो. भोंगे किती आणि वॅट किती? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तरी पुष्कळदा असे होते की, आवाज दूरवर पोहोचतो पण शब्द पोहोचत नाहीत. मागच्या रांगेतील आजीबाईंना वक्ता बोलत आहे एवढे कळते. काय बोलत आहे ते कळत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सहा आहे की दहा आहे, हे ज्या पालकाला मांडवाच्या टोकाशी उभे राहून ऐकावे लागते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. आकडा नीट ऐकू येणे म्हणजे काय, हे आम्हांस रोजच्या कामातून ठाऊक आहे.

आवाज स्पष्ट येणे वा न येणे याची कारणे अनेक आहेत. मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, भोंग्याचा आकार, भोंगा बांधण्याची जागा, या सर्वांचा त्यात वाटा असतो. प्रस्तुत लेखात आम्ही यांपैकी एकाच भागाचा विचार करणार आहोत, आणि तो म्हणजे भोंग्याच्या युनिटमधील डायफ्रॅम. हा पडदा कापडाचा आहे, प्लॅस्टिकचा आहे की धातूचा, यावरून आवाज का बदलतो, हे समजून घ्यावयाचे आहे. आम्ही शिक्षणाने कला शाखेचे आहोत. तेव्हा समीकरणे टाळून, पण हिशेब न टाळता, हा विषय मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत. बाजारात असा समज आहे की धातू जितका महाग तितका आवाज चांगला. हा समज अर्धाच खरा आहे, एवढे वाचकांच्या मनावर ठसले तरी या लेखाचे काम झाले.

१. युनिटच्या पोटात काय असते?

आपण ज्याला सरसकट भोंगा म्हणतो त्यात दोन वस्तू असतात. समोर पसरत गेलेला कर्णा ही एक, आणि त्याच्या मागे फिरकीने बसवलेले जड, गोल युनिट ही दुसरी. इंग्रजी नावाप्रमाणे या युनिटला कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणतात. डीजेच्या मोठ्या खोक्यांत वरच्या बाजूस जे चौकोनी तोंड दिसते, त्याच्यामागेही याच जातीचे युनिट असते.

युनिटमध्ये एक जोरदार चुंबक असतो. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये वर्तुळाकार अरुंद फट ठेवलेली असते. त्या फटीत बारीक तारेची कॉइल लोंबती असते आणि ही कॉइल डायफ्रॅमला चिकटवलेली असते. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह कॉइलमधून वाहिला की कॉइल पुढेमागे थरथरते, आणि तिच्याबरोबर डायफ्रॅमही थरथरतो. डायफ्रॅमचा मधला भाग बहुधा घुमटासारखा फुगीर असतो व कडेला लवचिक किनार असते. किनारीमुळे तो हलू शकतो, आणि हलतानाही कॉइल फटीच्या मध्यभागी राहते.

मग हवा दाबण्याचा प्रश्न कोठे येतो? सायकलच्या पंपाचे उदाहरण घेऊ. पंपाचे तोंड मोकळे ठेवून दट्ट्या ढकलला तर हाताला काहीच लागत नाही. तेच तोंड बोटाने अर्धे दाबून धरले की हवा हाताला लागते आणि केलेले श्रम हवेत उतरतात. साधा कागदी शंकूचा स्पीकर मोकळ्या तोंडाच्या पंपासारखा आहे. त्याला दिलेल्या शंभर वॅटपैकी एक ते चार वॅटच बहुधा आवाज बनतात, बाकीची उष्णता होते. युनिटमध्ये डायफ्रॅमच्या अगदी पुढे, अर्ध्या-एक मिलिमीटरच्या अंतरावर, फेज प्लग नावाचा खाचा पाडलेला ठोकळा बसवलेला असतो. डायफ्रॅमचे क्षेत्रफळ या खाचांच्या एकूण क्षेत्रफळाच्या आठ-दहा पट असते. त्यामुळे हवा दाबली जाते, आणि पुढे कर्णा हळूहळू रुंदावत जाऊन तो दाब बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत नेतो. या युक्तीने शंभरातील दहा ते तीस वॅटपर्यंत आवाजात रूपांतर होऊ शकते. लहान भोंगा एवढे मोठे मैदान कसे भरतो, याचे उत्तर येथे आहे.

या सोयीची किंमत मात्र डायफ्रॅमला मोजावी लागते. त्याच्यावर दाबलेल्या हवेचा सतत भार असतो, त्याला सेकंदाला हजारो वेळा हलावे लागते, आणि समोर अर्ध्या मिलिमीटरवर ठोकळा असतो. म्हणून तो कशाचा बनवावा, हा प्रश्न कागदी स्पीकरपेक्षा येथे जास्त अवघड होतो.

२. थोडा इतिहास

आजच्या युनिटचा पूर्वज १९२६ सालचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एडवर्ड वेंटे आणि आल्बर्ट थुरास या दोन संशोधकांनी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी ५५५ क्रमांकाचे युनिट तयार केले. पडद्यावरील चित्राबरोबर आवाज ऐकवण्याची व्हिटाफोन पद्धत त्याच वर्षी आली, आणि चित्रपटगृहातील शेकडो माणसांना पुरेल असा आवाज थोड्या वॅटमध्ये काढण्याची गरज निर्माण झाली. त्या काळातील ॲम्प्लिफायर फारच अशक्त होते. म्हणून युनिट काटकसरीचे हवे होते. वेंटे आणि थुरास यांनी डायफ्रॅमसाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ पत्रा घेतला आणि कॉइलही ॲल्युमिनियमच्या पट्टीची केली. वजन वाचवणे हाच त्यामागील हेतू होता.

आपल्या मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला, आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठी बोलू लागला. चित्रपट बोलू लागला तसा पडद्यामागे ध्वनिक्षेपकही आला. त्याच काळात जाहीर सभांमध्येही भोंगे दिसू लागले. मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ या कंपनीचे नाव असलेला मायक्रोफोन गांधीजी व पंडित नेहरू यांच्या अनेक छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतो. सभेला हजारोंचा समुदाय जमला आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला, हे त्या काळी नवलाचे होते. त्या नवलात भोंग्याचा आणि त्याच्या पोटातील पडद्याचा वाटा मोठा आहे.

३. पडद्याचे द्रव्य बदलले की आवाज का बदलतो?

याचे उत्तर आपल्या वाद्यांत आधीपासून आहे. हलगीचे चामडे विस्तवावर शेकले की आवाज कडक होतो, दमट हवेत ते सैल पडले की आवाज बसतो. ढोलाला चामड्याऐवजी प्लॅस्टिकचे पान लावले तर पावसात ढोल वाजतो खरा, पण त्याचा नाद वेगळा लागतो. तबल्यावर शाईचा थर असतो म्हणून त्यातून सूर निघतो. शाईमुळे पडद्याचे वजन मध्यभागी वाढते आणि त्याची उपकंपने सुरात येतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते.

परंतु वाद्य आणि ध्वनिक्षेपक यांत एक मोठा फरक आहे. वाद्याला स्वतःचा नाद असावा लागतो. ध्वनिक्षेपकाला स्वतःचा नाद मुळीच असता कामा नये. त्याने दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे पुढे पोहोचवावयाचे असते, जसा चांगला दुभाषी आपले मत मध्ये घालत नाही. म्हणून डायफ्रॅमच्या द्रव्यात तीन गुण पाहतात.

पहिला गुण हलकेपणाचा. उंच सूर म्हणजे सेकंदाला अधिक कंपने. जड पडदा तितक्या वेगाने मागेपुढे होऊ शकत नाही. मोठ्या युनिटमध्ये साधारण तीन-चार हजार कंपनांच्या पुढे वजनामुळे आवाज उतरू लागतो. पडदा जितका हलका तितकी ही उतरण उशिरा लागते.

दुसरा गुण ताठपणाचा. कॉइल घुमटाच्या कडेला ढकलते. तो ढकला सगळ्या घुमटाला एकाच वेळी मिळाला पाहिजे. पडदा मऊ असेल तर कड पुढे गेली तरी मध्य मागे राहतो, आणि एका पडद्याचे अनेक तुकडे आपापल्या मनाप्रमाणे हलू लागतात. याला पडदा फुटणे म्हणतात. येथे फुटणे म्हणजे तडा जाणे नव्हे; एकदिलाने हलण्याचे सोडून वेगवेगळे हलणे, एवढाच अर्थ.

तिसरा गुण कंप जिरवण्याचा. पितळी ताटाला टिचकी मारली की ते बराच वेळ घणघणते. गोधडीवर टिचकी मारली तर काहीच होत नाही. प्रत्येक पडदा कोणत्या ना कोणत्या सुरावर फुटतोच. त्या वेळी तो ताटासारखा घणघणत राहिला, तर वक्त्याचा शब्द संपल्यावरही त्याची शेपटी ऐकू येते. द्रव्याने ते कंप स्वतःत जिरवले तर कानाला त्रास होत नाही.

अडचण अशी की, हे तिन्ही गुण एका द्रव्यात पूर्णपणे सापडत नाहीत. घरखर्चाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे एका बाजूला वाढवले की दुसरीकडे कमी पडते.

४. निरनिराळ्या द्रव्यांचा ताळेबंद

तुलनेसाठी प्रथम काही ढोबळ आकडे देतो. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आहे. ध्वनिवेग म्हणजे त्या द्रव्यातून ध्वनी दर सेकंदाला किती मीटर धावतो तो आकडा. ताठपणा जास्त आणि वजन कमी असेल तर हा वेग वाढतो, म्हणून तो एक सोयीचा मापदंड आहे.

ॲल्युमिनियम : घनता २.७, ध्वनिवेग सुमारे ५,०००.
टायटॅनियम : घनता ४.५, ध्वनिवेग सुमारे ५,०००.
मॅग्नेशियम : घनता १.७, ध्वनिवेग सुमारे ५,०००.
बेरिलियम : घनता १.८५, ध्वनिवेग सुमारे १२,५००.
पॉलिएस्टर फिल्म : घनता १.४, ध्वनिवेग सुमारे १,८००.
फिनोलिक कापड : घनता साधारण १.४, ध्वनिवेग दोन ते अडीच हजारांच्या आसपास.

आता एकेक द्रव्य पाहू.

(अ) फिनोलिक कापड. सुती वा तत्सम कापड फिनॉलच्या राळेत भिजवून, साच्यात दाबून व तापवून हा पडदा तयार होतो. जुन्या काळच्या काळ्या बॅकेलाइटच्या स्विचची राळ ती हीच. कापडाचे धागे आणि राळ यांच्या मिश्रणामुळे कंप चांगले जिरतात. पडदा दणकट असतो, थोडी हेळसांड सोसतो आणि स्वस्त पडतो. उणीव अशी की तो धातूइतका ताठ नसतो, आणि त्याला ताठ करण्यासाठी जाड ठेवावा लागतो, म्हणजे वजन वाढते. परिणामी साधारण सहा-सात हजार कंपनांच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. झांजेची चमक त्यातून येणार नाही. माणसाचे बोलणे मात्र उत्तम येते.

(आ) ॲल्युमिनियम. हलका, बराच ताठ आणि साच्यात सहज दाबला जाणारा. १९२६ च्या युनिटपासून पुढे अनेक दशके चित्रपटगृहांत याचेच राज्य होते. अमेरिकेच्या जेबीएल कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या ३७५ या चार इंची डायफ्रॅमच्या प्रसिद्ध युनिटमध्येही ॲल्युमिनियमच होते. त्याचा आवाज मोकळा व स्वच्छ मानला जातो. उणीव थकव्याची. ॲल्युमिनियमची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण जाणतो. त्याचप्रमाणे जोरात व तासन् तास वाजवले की पडद्याच्या किनारीला तडे जातात.

(इ) टायटॅनियम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोठ्या मैफलींच्या ध्वनिव्यवस्थेत टायटॅनियम आले आणि आज डीजेच्या युनिटमध्ये ते सर्रास दिसते. विमानात वापरला जाणारा धातू म्हणून त्याचे नाव मोठे. पण वरील आकडे पाहा. ध्वनिवेगात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम जवळजवळ सारखेच आहेत. टायटॅनियम जास्त ताठ आहे, पण तितकेच जास्त जडही आहे.

येथे एक लहानसा हिशेब करू. चार इंची, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा पडदा सपाट धरला तर त्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. ॲल्युमिनियमचा पत्रा ५० मायक्रॉन जाडीचा घेतला तर त्याचे वजन १.०६ ग्रॅम भरते. टायटॅनियम जड असल्यामुळे ते निम्म्या जाडीचे, २५ मायक्रॉनचे घ्यावे लागते, तेव्हा कोठे वजन ०.८८ ग्रॅमवर येते. आपल्या डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. पत्रा निम्मा पातळ झाला की तो वाकण्यास सोपा होतो. सारख्याच वजनाचे दोन पत्रे घेतले तर वाकण्याच्या बाबतीत ॲल्युमिनियमचा पत्रा टायटॅनियमच्या सुमारे तिप्पट ताठ निघतो.

मग टायटॅनियम का वापरतात? कारण ते थकत नाही. लाखो वेळा वाकवले तरी त्याला सहजासहजी तडा जात नाही. दररोज जोरात वाजणाऱ्या आणि टेम्पोत आदळत जाणाऱ्या सामानासाठी हा गुण लाखमोलाचा आहे. म्हणजे टायटॅनियमची निवड मुख्यतः टिकाऊपणासाठी झाली. आवाजाच्या बाबतीत पाहिले तर मोठा टायटॅनियम पडदा वरच्या पट्टीत फुटतो, आणि धातू असल्यामुळे ते कंप जिरवत नाही. या घणघणीमुळे वरचे सूर वाढल्यासारखे वाटतात. झांज चमकते, पण बराच वेळ ऐकले की कान किटतात. काही कारखानदार पडद्यावर जिरवणाऱ्या द्रव्याचा लेप देतात, तर काही किनार वेगळ्या, मऊ द्रव्याची करतात. हे त्याच दोषावरचे उपाय आहेत.

(ई) बेरिलियम. तीनपैकी पहिल्या दोन गुणांत याच्या जवळपासही कोणी नाही. ते ॲल्युमिनियमहून हलके आणि त्याच्या सुमारे चौपट ताठ आहे. सारख्या वजनाच्या पत्र्यांची तुलना केली तर वाकण्याचा ताठपणा दहापटीहून अधिक भरतो. त्यामुळे चार इंची पडदासुद्धा माणसाच्या श्रवणाच्या बहुतेक पट्ट्यात न फुटता हलतो. जपानच्या पायोनियर कंपनीच्या टॅड या विभागाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेरिलियमची युनिटे आणली आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत ती नावाजली गेली. पण हा धातू ठिसूळ व अतिशय महाग आहे. शिवाय त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतो. अखंड पडदा हाताळण्यात भीती नसली, तरी तुटलेला बेरिलियम पडदा घासू नये, कानसू नये व त्याचे तुकडे उघड्यावर टाकू नयेत, हे दुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

(उ) पॉलिएस्टर व तत्सम प्लॅस्टिक फिल्म. मायलर या व्यापारी नावाने ही फिल्म आपणांस परिचित आहे. पूर्वी ती लहान व स्वस्त युनिटमध्येच असे, म्हणून प्लॅस्टिक म्हणजे हलका माल असे समीकरण रूढ झाले. ते आता पूर्ण खरे राहिलेले नाही. प्लॅस्टिक धातूपेक्षा चांगले कंप जिरवते. घुमटाऐवजी अरुंद कड्याच्या आकाराचा पडदा केला तर मोठा सपाट भागच उरत नाही, आणि ताठपणाची गरज कमी होते. या युक्तीने जर्मनीच्या बीएमएस आणि अमेरिकेच्या जेबीएल या कंपन्यांनी उत्तम दर्जाची युनिटे बनवली. जेबीएलने २०१० नंतरच्या दशकात एकाच युनिटमध्ये असे दोन कडीवजा पडदे बसवून मोठ्या मैफलींसाठी वापरले. येथे स्वस्त द्रव्याला आकाराची जोड मिळाली आणि ते महागाच्या पंक्तीला जाऊन बसले. प्लॅस्टिकचा शत्रू उष्णता. कॉइल तापली की ते मऊ पडू शकते.

५. शब्द कोठे राहतो?

आता हा सारा ताळेबंद आपल्या सभेपुढे मांडू. माणसाच्या बोलण्यातील स्वर, म्हणजे अ, आ, ई, ऊ, यांचा जोर मुख्यतः खालच्या व मधल्या पट्टीत असतो. आवाज मोठा वाटतो तो स्वरांमुळे. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे, आणि त, च, श, स यांसारख्या व्यंजनांची ओळख साधारण दोन हजार कंपनांपासून वरच्या पट्टीत राहते. 'श' अडीच ते चार हजारांच्या आसपास, तर 'स' त्याहून वर. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० कंपनांचीच पट्टी जात असे. म्हणून बोलणे कळे, पण अनोळखी नाव सांगताना 'स, सशाचा' असे फोड करून सांगावे लागे.

यावरून दोन गोष्टी निघतात. भाषणासाठी युनिटने साधारण ३०० ते ६,००० ही पट्टी सारख्या जोराने आणि घणघण न करता दिली पाहिजे. हे काम फिनोलिक पडद्याचे साधे युनिट चोख बजावते. वीस हजारांपर्यंत जाणाऱ्या महाग धातूची भाषणास गरज नाही. उलट तीक्ष्ण धातूचे युनिट असेल तर 'स' आणि 'श' टोचू लागतात, समोर बसलेली माणसे कानावर हात ठेवतात, ऑपरेटर वरची पट्टी कमी करतो, आणि मग मागच्या माणसापर्यंत व्यंजने पोहोचत नाहीत. गाण्याच्या कार्यक्रमाचे तसे नाही. तेथे झांज, टाळ, बासरीची फुंक ऐकू यावयाची असेल तर धातूचे वा चांगल्या प्लॅस्टिकचे युनिट हवे.

डायफ्रॅमच्या हातात सर्व काही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फार जोरात वाजवले की कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवाच नियमाप्रमाणे दबेनाशी होते आणि मुळात नसलेले सूर तयार होतात. थुरास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ सालीच हे मोजून दाखवले. हा दोष हवेचा असल्यामुळे बेरिलियम लावूनही जात नाही. त्यावर उपाय एकच, आवाज कमी करणे.

६. संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

एक : ठरवताना प्रथम कार्यक्रमाचे स्वरूप सांगावे. केवळ भाषणे असतील तर साधे भोंगे वा भाषणास योग्य कॉलम पुरेसे आहेत. एका जागी एकच मोठा आवाज ठेवण्यापेक्षा मागच्या रांगांजवळ लहान युनिटे जोडणे बरे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

दोन : युनिटला खालचे सूर देऊ नयेत. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की डायफ्रॅमची हालचाल दुप्पट होते. कर्ण्याच्या मर्यादेच्या खालचा सूर गेला तर हवेचा आधारच सुटतो आणि पडदा फेज प्लगवर आपटतो. चालू मायक्रोफोन पाडणे, त्यावर फुंकर मारणे, टिचक्या मारणे, यांतून असेच खालचे धक्के जातात. कित्येक डायफ्रॅम भाषणापूर्वीच्या "हॅलो, माइक टेस्टिंग"मध्येच घायाळ होतात.

तीन : संस्थेचे स्वतःचे सामान असेल आणि डायफ्रॅम बदलावयाचा असेल तर केवळ व्यास जुळला म्हणून घेऊ नये. द्रव्य, पत्र्याची जाडी, घुमटाची उंची, कॉइलचे ओहम, हे सर्व मूळ पडद्याशी जुळले पाहिजे. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मूळ कंपनीचे आणि बदली असे दोन्ही प्रकार मिळतात. घुमट किंचित उंच असला तरी तो ठोकळ्यास लागतो, किंचित खोल असला तर वरचे सूर जातात. बसवण्यापूर्वी चुंबकाच्या फटीतील लोखंडाचा कीस व धूळ चिकटपट्टीने काढून घ्यावी.

चार : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे, वर्षातील ठरावीक दिवसांची सवलत शासन देते तेवढीच. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मानके आहेत. स्पष्ट बोलणारे युनिट कमी आवाजातही कळते. म्हणजे योग्य डायफ्रॅम हा कायदा पाळण्याचाही एक मार्ग आहे, आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलांवरही तो उपकारच आहे.

७. विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

हा प्रयोग करण्यास खर्च नाही. एका विद्यार्थ्याने वीस शब्दांची यादी करावी. एकाच व्यंजनाने वेगळे होणारे शब्द घ्यावेत : सहा–दहा, साल–शाल, चार–सार, पाट–काट, तास–ताज, सात–साठ. जोडीतील कोणताही एक शब्द निवडून तो मायक्रोफोनवर सावकाश वाचावा. दहा विद्यार्थ्यांनी शेवटच्या रांगेत वहीपेन्सिल घेऊन बसावे व ऐकलेले लिहावे. नंतर वीसपैकी किती बरोबर आले ते मोजावे. मग आवाज न वाढवता युनिट बदलून, अथवा त्याची दिशा बदलून, तीच परीक्षा वेगळ्या यादीने पुन्हा घ्यावी. दोन युनिटांपैकी कोणते चांगले, हे त्यावरील छापील वॅटपेक्षा या वहीवरून जास्त खात्रीने कळेल. चाचणी कार्यक्रमाच्या आधी, रिकाम्या मांडवात घेतली तर मागच्या रांगेचा प्रश्न त्याच दिवशी सुटू शकतो.

समारोप

डायफ्रॅम म्हणजे वजनाने ग्रॅम-दीड ग्रॅमचा पडदा. कापड स्वस्त आहे पण बोलणे नीट पोहोचवते. टायटॅनियम टिकते पण घणघणते. ॲल्युमिनियम गोड आहे पण थकते. बेरिलियम श्रेष्ठ आहे पण आपल्या खिशाबाहेरचे आहे. प्लॅस्टिकला योग्य आकार दिला तर ते मोठ्यांच्या बरोबरीने उभे राहते. तेव्हा धातूचे नाव ऐकून दिपून न जाता, हे युनिट कोणासाठी व कशासाठी लावावयाचे आहे, हा प्रश्न आधी विचारावा. आपल्या कार्यक्रमांत बहुतेक वेळा त्याचे उत्तर एकच असते : शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द कळावा म्हणून.

उजळणीसाठी प्रश्न

१. सायकलच्या पंपाच्या उदाहरणावरून कॉम्प्रेशन ड्रायव्हरचे कार्य स्पष्ट करा.
२. डायफ्रॅमच्या द्रव्यात कोणते तीन गुण पाहतात? ते एकत्र का सापडत नाहीत?
३. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांचा ध्वनिवेग सारखा असताना टायटॅनियम का निवडतात?
४. १० सेंटिमीटर व्यासाच्या, ५० मायक्रॉन जाडीच्या सपाट बेरिलियम पडद्याचे वजन काढा. (उत्तर : सुमारे ०.७३ ग्रॅम)
५. आपल्या वसाहतीतील एका कार्यक्रमात शब्दांची चाचणी घेऊन तिचा अहवाल एक पानात लिहा.